हिरव्या पट्टीचा ओटा

संगमनेरात केबल आणि उभे ओटे साधारण एकाच सुमाराला आले. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या आसपास. त्याआधी बाई जमिनीवर बसून, गुडघे हनुवटीला लावून, धुरात डोळे चोळत भाकऱ्या करायची आणि नवरा वर म्हणायचा, बसून तर काम आहे हिचं. मग गॅसची शेगडी आली, शेगडीसाठी कडाप्प्याचा ओटा आला आणि ओट्यामागच्या भिंतीला पांढरी चकचकीत स्टाईल आली. दुकानदार तिला टाईल म्हणत असतील, आमच्याकडं ती स्टाईलच. जुनं घर पाडून नवं बांधायची ऐपत नसलेले लोकही निदान स्वयंपाकघर तेवढं नवं करून घ्यायला लागले. कारखाना कधी निघाला, पूल कुणी बांधला, हे लोक लिहून ठेवतात. बाई ताठ उभी राहून स्वयंपाक कधी करायला लागली, ते कुणी लिहीत नाही. लिहिणाऱ्यांना आयतं ताट मिळतं, त्यांना काय.

महेंद्र साळवे हे ओटे करायचा. हात सोन्याचा आणि तोंड दगडाचं, असा माणूस. आप्पासाहेब नावाच्या ठेकेदाराच्या हाताखाली त्यानं निम्म्या संगमनेरची स्वयंपाकघरं नवी केली. पण वास्तुशांत झाली की घरमालक मांडवात माईक हातात घ्यायचा, मिस्तरीला पुढं बोलवायचा आणि टॉवेल-टोपी, नारळ द्यायचा. पंगतीतले लोक घास थांबवून ऐकायचे. हात धुता धुता चार जण विचारायचे, "आमच्याकडं कधी येता?" त्या काळी जाहिरात म्हणजे हीच. आणि दर वेळी ती टोपी आप्पासाहेबांच्या डोक्यावर चढायची. ज्याच्या नखांत सिमेंट होतं तो वाळूच्या ढिगापाशी उभा असायचा.

"काम तुमचं आन टोपी त्याची," महेंद्रची बायको दीपा म्हणायची. "उन्हातान्हात उभं तुमी राहायचं, सावली त्याच्या डोक्याला."

दीपा दहावी पास होती. साक्षरता अभियानात ती पाटी-पेन्सिल वाटत दारोदार फिरली होती, त्यामुळं कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत आपल्याला जाऊ देतात हे तिला पाठ होतं. तिला राग यायचा, पण ती राग वाया घालवायची नाही. तिनं नवऱ्याच्या मागं लागून आप्पासाहेबांचं काम सोडायला लावलं. सोडताना आप्पासाहेब चिडले नाहीत. त्यांनी पान जमवत जमवत सांगितलं, "जा. साळवे नाव घिऊन कोन्च्या स्वयंपाकघरात शिरतोस ते बघू. दिवाळीच्या आत परत येशील. दार उघडंच हाय आपलं."

बोलले ते खोटं नव्हतं, हेच वाईट. नगर जिल्ह्यात साळवे म्हटलं की लोक आधी विचारतात, चर्चवाले साळवे की विहारवाले? काही घरांना दोन्ही चालत नाहीत, पण विचारतात जरूर. आप्पासाहेबांच्या नावाखाली तोच महेंद्र, तोच हात, त्याच देवघराला लागून असलेली भिंत घासत होता तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ठेकेदाराच्या नावात माणूस विरघळून जातो. स्वतःच्या नावानं उभा राहिला की लगेच त्याचं आडनाव दिसायला लागतं.

तर अशात पहिलं स्वतःचं काम मिळालं ते रंगनाथ वर्पे यांच्या मळ्यातलं. रंगनाथनाना ऊसवाले, सोसायटीचे संचालक, सहा फुटी गडी. घर जुनंच, पण स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं होतं त्यांनी. महेंद्र माप घ्यायला गेला तेव्हा नानांची बायको मनकर्णाकाकू आतल्या खोलीत होत्या. परका माणूस आला की त्या बाहेर यायच्या नाहीत, ही त्या घराची रीत. आणि वर्प्यांच्या घरातल्या बाईला बाहेर बोलवा, असं म्हणायला साळव्याच्या पोराची जीभ उचलेना, ही आपल्याकडची रीत. दोन्हीकडच्या रीती अशा एकमेकींना जाऊन मिळाल्या.

"उंची केवढी ठिवायची, नाना?" महेंद्रनं विचारलं.

नाना भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "ही घे. माझ्या कमरेबरोबर धर. बसकं काम नको, लोकांत दिसलं पायजे."

महेंद्रनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. त्या रेघेवर ओटा उभा राहिला. सरळ, एका पातळीत, गोटी ठेवली तर घरंगळणार नाही असा. वास्तुशांतीला लोक ओट्यावर हात फिरवून गेले. मांडवात नानांनी माईक घेतला, महेंद्रला पुढं बोलावलं आणि टॉवेल-टोपी दिली. आणि म्हणाले, "आपल्या आप्पासाहेबांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा हाय. काम चांगलं केलं."

झालं. टोपी महेंद्रच्या डोक्यावर होती आणि नाव आप्पासाहेबांचं पंगतीतून फिरत होतं. हात धुताना लोकांनी आप्पासाहेबांनाच विचारलं, ते पाहुणे म्हणून आलेलेच होते. नानांच्या मनात कपट नव्हतं. मोठ्या माणसाच्या तोंडून मोठ्या माणसाचंच नाव निघतं, त्याला कपट लागत नाही.

त्यानंतर महिने गेले, काम येईना. महेंद्र सकाळी उठून हत्यारं पुसायचा आणि परत गोणीत ठेवायचा. एक दिवस भाकरी खाता खाता म्हणाला, "दिवाळी आली जवळ."

दीपाला कळलं त्याला काय म्हणायचं ते. तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि ओंकारच्या केबलच्या खोलीवर गेली. महेंद्र मागून गेला, कारण एकटी गेली तर आणखी काय करून बसेल याचा त्याला भरवसा नव्हता.

ओंकार म्हणजे गावच्या केबलचा मालक. पोरगेलासा, पण हुशार. गावातल्या घराघरांत आणि बाहेरच्या मळ्यांपर्यंत त्यानं खांबांवरून, झाडांवरून वायर ओढली होती. स्वतःच्या चॅनलवर रोज दुपारी एक पिक्चर लावायचा आणि मध्यंतरात साडीच्या दुकानाची, कांदा-बियाण्याची जाहिरात. लग्नाची शूटिंगही तोच करायचा.

"वहिनी, नुसती पट्टी खाली फिरवून उपेग न्हाई," ओंकार म्हणाला. "सिनेमाच्या हिरॉईनीच्या पायाशी 'येथे ओटे करून मिळतील' कोन वाचतंय? काम दाखवा. एखाद्या घरात शूटिंग करू. बाई नव्या ओट्यावर भाकरी करतीय, मागं गाणं. आन नाव चांगलं द्या. साईकृपा. न्हाईतर मातोश्री."

"नाव हाय की त्यांचं," दीपा म्हणाली. "महेंद्र साळवे."

ओंकारनं महेंद्रकडं पाहिलं, मग वायरींच्या गुंत्याकडं. "वहिनी, मला काई न्हाई. माझा बाप तुमच्या वस्तीत चहा प्यायचा. पन केबल समद्यांच्या घरात जाती. आडनाव दिसलं की निम्मे लोक..."

"साईकृपा ठिवू," महेंद्र घाईनं म्हणाला. "चांगलं हाय नाव."

"चांगलं हाय," दीपा म्हणाली. "पन साईबाबा कडाप्पा बसवायला येनारेत का?"

ओंकार हसला. महेंद्र हसला नाही. नावाचं मागाहून ठरवू, आधी शूटिंग करू, असं ठरलं. दाखवण्याजोगं स्वतःचं काम एकच होतं, वर्प्यांचं. नानांनी आढेवेढे न घेता हो म्हटलं. आपलं घर केबलवर येणार म्हणून त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला.

ओंकार खांद्यावर कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. नाना मागं. महेंद्र ओसरीच्या खांबाशी. दीपा मात्र आत गेली. शूटिंगसाठी बाईच्या पदराकडं लक्ष द्यायला बाईच लागते, असं तिनं सांगितलं आणि कुणी अडवायच्या आत उंबरा ओलांडला.

"काकू, रोज करता तशीच भाकर करा," दीपा म्हणाली. "कॅमेऱ्याकडं बघू नका."

मनकर्णाकाकूंनी परात ओट्यावर ठेवली. पीठ घेतलं. आणि मग रोजच्या सवयीनं, काही विचार न करता, ओट्याखाली पाय घालून एक लाकडी पाट पुढं ओढला आणि त्याच्यावर उभ्या राहिल्या.

कॅमेरा चालू होता. काकू पाटावर उभ्या राहून भाकरी थापायला लागल्या. तरीसुद्धा कोपर वर, खांदे कानाला लागलेले. तव्यावर भाकरी टाकायला पाटावरून डावीकडं खाली उतरल्या, भाकरी उलटून परत चढल्या. पाटाचा एक पाय फरशीवर टक्‌टक्‌ वाजत होता. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही जुने, एक ताजा.

"काकू," दीपानं विचारलं, "पाट कशाला वो?"

"उंच पडतो गं जरा. त्यात काय. सवय झाली आता."

"कधीपासनं?"

"वास्तुशांतीपासनं," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "चुलीपाशी गुडघे दुखायचे. आता खांदे दुखत्यात. तेवढाच बदल."

नाना दारात उभे होते. बायको महिनोन्‌महिने दिवसातून दोन वेळा पाटावर चढून त्यांची भाकरी करत होती आणि हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, तेही कॅमेरा आला म्हणून. त्यांनी खाकरल्यासारखं केलं.

दीपा बाहेर ओसरीवर आली. "माप कोनाचं घेतलं हुतं?"

महेंद्रनं मान खाली घातली. "मालकाचं."

"मालक भाकऱ्या थापत्यात का?"

ओंकारला हसू आवरेना, त्याचा कॅमेरा हलला. "राहू द्या वहिनी, पाट कापून टाकतो मी. कमरेच्या वरचंच दाखवू. कोनाला कळनार न्हाई."

"काकूला कळंल," दीपा म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "ओटा उतरवा."

महेंद्रला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याचं एकुलतं एक काम. तेही स्वतःच्या हातानं उखडायचं, आणि गावभर व्हायचं काय, की साळव्याचा ओटा वर्षात पाडावा लागला. आप्पासाहेब पान चघळत ऐकतील. त्यानं तोंड उघडलं, पण नानाच आधी बोलले.

"वास्तुशांत झालेल्या घरात मोडतोड? आन तीबी चांगल्या ओट्याची? डोकं ठिकान्यावर हाय का? लोक काय म्हन्तील, वर्प्यानं ओटा चुकवला."

"तुमी न्हाई चुकवला, नाना. यांनी चुकवला," दीपा म्हणाली. "माज्या नवऱ्यानं. आन काकूला बाहेर बोलवा म्हणायची त्यांची हिंमत झाली न्हाई, आन बोलवायचं तुमाला सुचलं न्हाई. आता कडाप्पा उचलायचा, खालचे दगड कापायचे, परत बसवायचा. त्याचं एक पै घेणार न्हाई आमी. पन ओंकार समदं शूटिंग करनार. चुकलेलं आन दुरुस्त केलेलं, दोन्ही."

नवऱ्याच्या अब्रूवर असा हातोडा घालणारी बायको नानांनी पाहिली नव्हती. महेंद्रनं पाहिली होती, तो तिच्याशी संसार करत होता, पण आजचा घाव वेगळा होता. कान तापले त्याचे. आणि तरी आत कुठंतरी, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. कित्येक महिने छातीवर असलेलं काहीतरी तिनं एका वाक्यात उचलून बाजूला ठेवलं होतं.

"आपल्या घरातली बाई केबलवर पाटावर चढलेली दिसनार?" नाना म्हणाले. "शोभतं का?"

तेवढ्यात आतून मनकर्णाकाकू बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. परक्या माणसांसमोर त्या ओसरीवर आलेल्या महेंद्रनं पहिल्यांदाच पाहिल्या. केवढी बुटकी बाई. नानांच्या शेजारी उभ्या राहिल्या तर खांद्याला पोचेनात.

"तुमी सोसायटीला निवडून आले तवा हार घालून दोन दिस केबलवर हुते," काकू म्हणाल्या. "समद्या गावानं तुमचं तोंड पाह्यलं. मी म्हनले का, शोभतं का?"

नाना सदऱ्याची बटणं चाचपायला लागले.

"उतरव गं पोरी तुझा ओटा," काकू दीपाला म्हणाल्या. "खांदे गेले माझे."

मग दीपानं माप घेतलं. आधी तिनं तो पाट उचलून बाहेर ओसरीवर टाकला. काकूंना उघड्या जमिनीवर अनवाणी उभं केलं, परात त्यांच्या हातात दिली आणि हवेतच भाकरी थापल्यासारखं करायला लावलं. "खांदे सैल सोडा. आणखी. हां." कोपरापासून वीतभर खाली भिंतीवर खडूनं खूण केली. महेंद्रच्या जुन्या रेघेत आणि या खुणेत चांगलं पाच बोटांचं अंतर निघालं. महेंद्रनं त्या अंतराकडं पाहिलं. एवढंसं. आणि एवढ्याशानं एका बाईचे दोन्ही खांदे खाल्ले होते.

तो कामाला लागला. शेगडी काढली, कडाप्पा मळ्यातल्या गड्यांना हाताशी घेऊन उचलला, खालचे उभे दगड कापून परत रोवले. ओंकार शूटिंग करत होता. कडाप्पा खाली बसला तेव्हा एक नवीच अडचण उघडी पडली. ओट्याच्या वरच्या कडेपासून भिंतीला पांढऱ्या स्टाईल लावलेल्या होत्या. ओटा खाली गेला, तशी स्टाईल आणि ओट्याच्या मध्ये भिंतीची एक उघडी, खरबरीत पट्टी दिसायला लागली. तसल्या पांढऱ्या स्टाईल दुकानात शिल्लक नव्हत्या. दुकानदाराकडं हिरव्या होत्या, कुणीतरी न्हाणीघरासाठी मागवून नेल्या नव्हत्या.

"ठिगळ दिसंल," महेंद्र म्हणाला.

"दिसू द्या," दीपा म्हणाली. "ठिगळच हाय."

त्यानं हिरव्या स्टाईल कापून ती पट्टी भरली. पांढऱ्या भिंतीच्या तळाशी एक हिरवी ओळ. आमराईच्या बांधासारखी.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या ओट्यावर भाकरी केली. पाट नव्हता. खांदे जागच्या जागी होते आणि हात असा सहज चालत होता, की बघताना आपल्यालाच विसावा मिळावा. भाकरी तव्यावर टाकून त्या थांबल्या. ओंकारनं विचारलं, "काकू, चार शब्द बोला."

काकूंनी कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या. "हा ओटा आधी माझ्या मालकाच्या मापाचा हुता. ते काय सैपाक करीत न्हाईत. आता माझ्या मापाचा हाय. ही हिरवी पट्टी हाय ना, तेवढा उंच हुता. एवढंच."

"आता मिस्तरी," ओंकार म्हणाला आणि कॅमेरा महेंद्रकडं वळवला. महेंद्रच्या हातातली थापी खाली पडली. ओंकारनं कॅमेरा खांद्यावरून जरा खाली घेतला आणि हळू बोलला. "हे बघा, नाव नुसतं महेंद्र मिस्तरी म्हना. खाली मी साईकृपा टाकतो. काम लई भारी दिसतंय, आडनावापायी वाया नका घालवू."

महेंद्रनं दीपाकडं पाहिलं. ती आता ढोसेल, पुढं ढकलेल, असं त्याला वाटलं. पण ती ओट्यावरचं पीठ पुसत राहिली. चुकीचं माप घेतलं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नाव मात्र त्याचं होतं, ते त्यानंच घ्यायचं होतं.

साईकृपा म्हटलं असतं तर काम आलं असतं. येतंच. आप्पासाहेबांच्या जागी साईबाबा, एवढाच फरक. महेंद्र परत वाळूच्या ढिगापाशी. माणसं असं नाव गिळत जगतात, त्यांना दोष देऊ नये, पोट असतं. पण महेंद्र त्या हिरव्या पट्टीकडं बघत होता. भिंतीवर चूक उघडी मांडली होती आणि भिंत काही पडली नव्हती. चूक सांगायची लाज सोडली, मग नाव सांगायची कसली ठेवायची?

"चालू कर," तो म्हणाला.

ओंकारनं कॅमेरा लावला.

"मी महेंद्र सखाराम साळवे. भीमनगर, संगमनेर. हा ओटा पहिल्यांदा मीच चुकवला. माप मी मालकाचं घेतलं, ते काकूंचं घ्यायला पायजे हुतं." त्यानं हिरव्या पट्टीवर हात ठेवला. "इथून पुढं जी बाई सैपाक करनार, तिचंच माप घेनार. माप घ्यायला माझी मंडळी येईल. दीपा साळवे. बाईला बाहेर बोलवायची तयारी आसंल तरच बोलवा. जय भीम."

जय भीम त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. रोज बोलणं संपवायची सवय, पाटावर चढायच्या काकूंच्या सवयीसारखी, ती आपसूक बाहेर आली. ओंकारनं कॅमेरा बंद केला.

"परत घ्यायचं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," महेंद्र म्हणाला.

मागं उभ्या नानांनी इस्त्रीचा सदरा ओढून सरळ केला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाले ते एवढंच, "मला न्हाई घेतलं का रं केबलवर?"

"तुमचं माप घेतलं की वो आधी," काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी पिक्चरच्या मध्यंतरात ते लागलं. भीमनगरात लोकांनी एका घरात दाटी करून पाहिलं. दीपा आत उभी होती, महेंद्र बाहेर. त्याला ऐकवेना. आतून आधी हसण्याचा आवाज आला, पाटाच्या वेळी. मग त्याचा स्वतःचा आवाज आला. शेवटच्या दोन शब्दांना आतल्या म्हाताऱ्यांनी उलटून जय भीम केलं, टीव्हीला.

निरोपासाठी त्यांनी जाहिरातीखाली भीमनगरातल्या छबूबाईच्या टेलिफोन बूथचा नंबर दिला होता. पहिला फोन शिवीचा आला. आमच्या ओट्याला हात लावता आन वर जय भीम करता काय, असं कुणीतरी बोललं. छबूबाईनं त्याची आई-बहीण काढून फोन ठेवला आणि त्या निरोपाचे पैसे लावले नाहीत. दुसऱ्यानं नुसतं आडनाव विचारून ठेवून दिला. हे व्हायचंच होतं, ते झालं.

पण तिसरा फोन बाईचा होता. चौथाही. आपल्या नावानं नव्हे, नवरा घरात नसताना, हळू आवाजात. "ते पाटावालं पाह्यलं. माझाबी उंच हाय वो." शेवगावला दिलेल्या एका पोरीनं माहेरी आलेली असताना पाहिलं आणि तिकडून सासूसाठी विचारलं. बाजारच्या दिवशी बायका भाजीची पिशवी घेऊन थेट वर्प्यांच्या मळ्यात जायच्या, ओट्यापुढं उभ्या राहून हात थापून पाहायच्या. मनकर्णाकाकू त्यांना चहा द्यायच्या आणि दीपाचा पत्ता. टॉवेल-टोपी एकदा मिळते, एका मांडवात. काकू ती रोज वाटत होत्या.

आणि एक गंमत झाली. ज्या त्या बाईला ती हिरवी पट्टी हवी होती. महेंद्र समजावून थकला, की ताई, तुमचा ओटा पहिल्यांदाच बरोबर होणार आहे, ठिगळाची गरज नाही. बायका ऐकेनात. "वर्पेबाईकडं हाय तश्शीच पायजे." दुकानदाराच्या न्हाणीघराच्या हिरव्या स्टाईल संपल्या, त्यानं आणखी मागवल्या. दिवाळीपर्यंत महेंद्रच्या हाताला उसंत नव्हती. दार उघडं ठेवून बसलेल्या आप्पासाहेबांनी दार लावून घेतलं आणि तेही हिरव्या पट्टीचे ओटे करायला लागले. माप मात्र मालकाचंच. त्यामुळं संगमनेरात काही घरांत हिरवी पट्टीही आहे आणि ओट्याखाली पाटही आहे. नक्कल पट्टीची होते, कानउघाडणीची होत नाही.

त्यातलंच एक घर. उन्हाळ्यात तिथल्या म्हातारीनं दीपा-महेंद्रला बोलावून घेतलं. झुंबरबाई नाव. घरात सून, मुलगा, दारावरून केबलची वायर. ओटा नवाकोरा, हिरव्या पट्टीचा आणि सुनेच्या छातीला लागलेला.

"आप्पासाहेबांनी केला हाय," मुलगा म्हणाला. "तुमी दुरुस्त करा. पन ते केबलवर-बिबलवर दाखवू नका. त्यांचं नाव खराब हुईल."

"आमी दुसऱ्याच्या चुका दाखवत न्हाई," दीपा म्हणाली. "आमच्याच पुरत्यात आमाला."

झुंबरबाई खाटेवर बसून महेंद्रकडं निरखून पाहत होती. टीव्हीवर पाहिलेला माणूस खरा दिसतो का, हे बघत असावी. मग विचारलंच तिनं. "कुठले साळवे तुमी? चर्चवाले का?"

वर्षभरापूर्वी हा प्रश्न आला की महेंद्र हत्यारांच्या गोणीत काहीतरी शोधायला लागायचा.

"न्हाई, आजी," तो म्हणाला. "विहारवाले."

मुलानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. ही माणसं गेल्यावर ओट्यावर गोमूत्र शिंपडणार होती की काय, सांगता येत नाही. काही घरं शिंपडायची. दीपाला ते माहीत होतं आणि त्यावर तिचं एकच म्हणणं असायचं, शिंपडू द्या, गोमूत्रानं ओट्याची उंची वाढत नाही.

म्हातारी खाटेला धरून उठली. "सुनेचं माप घे," ती दीपाला म्हणाली. "आन शेगडीच्या बाजूचा तुकडा माझ्या मापाचा ठेव. चहा माझा मी करते."

"दोन उंच्या?" मुलगा म्हणाला. "आई, वेडंवाकडं दिसंल ते."

"तू करतो का चहा?"

दीपानं तोवर भिंतीवरची परात काढून सुनेच्या हातात दिली होती. महेंद्रनं खिशातून खडू काढला आणि बायकोपुढं धरला.